चार प्रोसेसर दिले, दोनच दिसून राहिले

नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडतीचा हिशेबाचा सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाचा प्रश्न आहे. त्याचं म्हणणं असं: "क्यूएमूवर चालणारी लिनक्सची व्हर्च्युअल मशीन आहे, दोन प्रोसेसरची. आंबिया बहराची संत्री यायला लागली की सकाळच्या लिलावानंतर शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढताना ती गुदमरते. त्या वेळी बंद करता येत नाही, म्हणून चालू असतानाच व्हर्शने चार प्रोसेसर करून दिले. कमांड गपगुमान गेली, काही एरर नाही. पण आत टॉप लावून पाहतो तर दोनच दिसून राहिले. काहून?" (क्यूएमू म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या आत दुसरा, व्हर्च्युअल संगणक चालवणारा प्रोग्राम. व्हर्श म्हणजे तो बाहेरून हाताळायची कमांड, आणि टॉप म्हणजे प्रोसेसर किती कामात आहेत ते दाखवणारी.)

भाऊ, तुमचे प्रोसेसर पोहोचलेत, पण आत त्यांना कुणी कामाला लावलेलं नाही. कमांड खोटं बोलली नाही. तिचं काम दारापर्यंतचंच होतं.

आधी हे करा. मशीनच्या आत जाऊन /सिस/डिव्हाइसेस/सिस्टिम/सीपीयू या फोल्डरमधल्या तीन फायली कॅट करून पाहा: पॉसिबल, प्रेझेंट आणि ऑनलाइन. माझा अंदाज आहे की पहिलीत ०-३ किंवा ०-७ असं काही असेल, दुसरीत ०-३ आणि तिसरीत ०-१. पॉसिबल म्हणजे जास्तीत जास्त किती येऊ शकतात, प्रेझेंट म्हणजे आत्ता किती जोडलेले आहेत, आणि ऑनलाइन म्हणजे कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्यक्षात कितींना काम देतोय. टॉप आणि एनप्रॉक (प्रोसेसरची संख्या सांगणारी कमांड) मोजतात ते ऑनलाइनवाले. गेली अनेक वर्षं हे काम करतोय, तरी अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा या तीन फायलीच उघडायला लावतो. गाडी कुठे अडली ते तिथे लगेच कळतं.

आकडे मी म्हणतो तसेच निघाले तर उपाय एका ओळीचा आहे. सीपीयू२ या फोल्डरमधल्या ऑनलाइन फाइलमध्ये १ लिहा, मग सीपीयू३ मध्येही. मोजणी शून्यापासून होते, त्यामुळे तिसरा प्रोसेसर म्हणजे सीपीयू२. यात भलेभले चुकतात. दुसरी गंमत अशी की 'सुडो इको १ >' असं लिहिलं तर परवानगी नाही म्हणून येतं. सुडो, म्हणजे रूटचा अधिकार, इकोला लागतो, पण बाण तुमच्या साध्या शेलमधूनच फाइल उघडायला जातो. म्हणून एक तर रूट शेलमध्ये जा, नाहीतर इकोचं आउटपुट पाइपने 'सुडो टी' ला द्या. लिहून झालं की डीमेसेज, म्हणजे कर्नलच्या नोंदी, पाहा. प्रोसेसर आला तेव्हाची 'सीपीयू२ हॅज बीन हॉट-ॲडेड' ही ओळ आधीच पडलेली असेल, आणि आत्ताच्या वेळेची 'बूटिंग नोड ० प्रोसेसर २' अशी नवी ओळ दिसेल. दोन ओळींच्या वेळांमधलं अंतर म्हणजे तुमचा प्रोसेसर जितका वेळ दाराशी ताटकळत उभा होता तो वेळ.

दरवेळी हातानं करायचं नसेल तर यूडेव्हचा (नवं उपकरण आलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या सोयीचा) एक नियम टाका: सबसिस्टिम सीपीयू, ॲक्शन ॲड, आणि ऑनलाइनचं मूल्य ० असेल तर ते १ कर. काही डिस्ट्रिब्युशनमध्ये हा नियम आधीपासून असतो, काहींच्या छोट्या केलेल्या इमेजमध्ये नसतो. म्हणून एकाकडे कमांड मारताच चार दिसतात आणि दुसऱ्याकडे नाही, आणि दोघं एकमेकांना चुकीचे ठरवत बसतात. आत क्यूएमूचा गेस्ट एजंट (बाहेरच्या सूचना आत पाळणारा प्रोग्राम) चालू असेल तर बाहेरूनही व्हर्शच्या 'सेटव्हीसीपीयूज' ला गेस्ट हा पर्याय देऊन हेच होतं. पण लक्षात घ्या, तो पर्याय नवा प्रोसेसर जोडत नाही. आत आधीच असलेल्यांना फक्त चालू-बंद करतो.

आता समजा पॉसिबलमध्येच ०-१ दिसलं. मग गोष्ट वेगळी, आणि थोडी वाईट. तुमच्या बाबतीत कमांड गेली म्हणजे तसं नसावं, पण पुढच्या मशीनसाठी हे माहीत असू द्या.

घर बांधताना भिंतीत पाइप टाकून कूलरचे पॉइंट काढून ठेवतात ना, तसं समजा. आज कूलर एकच असेल, पण पॉइंट तीन खोल्यांत काढले असतील तर एप्रिलमध्ये दुसरा कूलर आणून नुसता लावायचा. पॉइंटच नसेल तर भिंत फोडा. क्यूएमूत हे पॉइंट म्हणजे मॅक्ससीपीयूज. मशीन सुरू करताना एसएमपी या पर्यायात '२,मॅक्ससीपीयूज=८' दिलं तर दोन चालू आणि सहा रिकाम्या जागा. लिबव्हर्टच्या (व्हर्श ज्या व्यवस्थेची कमांड आहे तिच्या) एक्सएमएलमध्ये व्हीसीपीयू या टॅगमध्ये ८ आणि करंट या गुणधर्मात २. मशीन सुरू होताना क्यूएमू आतल्या सिस्टिमसाठी एसीपीआयचे (हार्डवेअरची माहिती सिस्टिमला देण्याच्या पद्धतीचे) तक्ते बनवतो, आणि रिकाम्या जागांसकट सगळ्या प्रोसेसरांची यादी त्या तक्त्यांत असते. आतलं कर्नल बूट होताना ती यादी वाचून आपली पॉसिबलची संख्या ठरवतं. नंतर ती वाढत नाही.

आणि इथेच लोक फसतात: मॅक्सिमम वाढवल्यावर मशीनच्या आतून रीबूट केलं तर चालत नाही. रीबूटमध्ये आतलं लिनक्स नवं सुरू होतं, पण बाहेरचा क्यूएमूचा प्रोसेस तोच राहतो, जुन्याच मॅक्ससीपीयूजसह. पूर्ण शटडाउन करून व्हर्श स्टार्टने उठवलं तरच नवा आकडा लागतो. मागे एका पोराने माझ्यासमोर तीनदा रीबूट केलं होतं, दरवेळी अधिक आत्मविश्वासाने.

मॅक्ससीपीयूज किती ठेवावं? तुमच्या होस्टवर, म्हणजे मशीन ज्या खऱ्या संगणकावर चालते त्यावर, एका वेळी चालू शकणारे जितके थ्रेड आहेत त्याच्या पुढे जाण्यात अर्थ नाही. लिनक्स प्रत्येक पॉसिबल प्रोसेसरसाठी थोडी मेमरी बाजूला काढतं, ती फार नसते, पण उगाच १२८ लिहायचं कशाला. हिशेबाच्या मशीनला ८ पुष्कळ. सॉकेट, कोअर आणि थ्रेड स्वतः लिहून देत असाल तर तिघांचा गुणाकार मॅक्ससीपीयूजइतकाच यायला हवा, नाहीतर क्यूएमू सुरूच होणार नाही.

आत नेमकं काय घडतं ते एकदा डोळ्याने पाहून घ्या. मग पुढच्या वेळी अंदाजाने काम करावं लागत नाही. एखाद्या चाचणीच्या मशीनवर क्यूएमूच्या मॉनिटरमध्ये (क्यूएमूला थेट आज्ञा द्यायच्या खिडकीत) 'इन्फो हॉटप्लगेबल-सीपीयूज' लिहा. प्रत्येक जागेची नोंद येते: प्रोसेसरचा प्रकार, सॉकेट-आयडी, कोअर-आयडी, थ्रेड-आयडी. ज्या नोंदीत क्यूओएमचा (क्यूएमूच्या आतल्या उपकरणांच्या यादीचा) पत्ता दिसतो ती जागा भरलेली, ज्यात नाही ती रिकामी. रिकाम्या नोंदीतला प्रकार आणि तिन्ही आयडी जसेच्या तसे उचलून 'डिव्हाइस_ॲड' ला द्यायचे, सोबत स्वतःचं एक नाव, म्हणजे पुढे काढताना त्या नावाने हाक मारता येईल. ही पद्धत २०१६ च्या २.७ आवृत्तीपासूनची. त्याआधीची 'सीपीयू-ॲड' ही कमांड ५.२ मध्ये काढून टाकली, तरी इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ती अजून भेटते आणि 'अशी कमांडच नाही' म्हणून लोक बुचकळ्यात पडतात. मशीन लिबव्हर्टच्या ताब्यात असेल तर मात्र त्याच्या पाठीमागून मॉनिटरमध्ये हे उद्योग करू नका. त्याच्या वहीत एक आणि प्रत्यक्षात दुसरंच असं झालं की निस्तरताना जीव जातो.

डिव्हाइस_ॲड झाल्याबरोबर होस्टवर 'टॉप -एच' लावून पाहा. क्यूएमूच्या थ्रेडांमध्ये 'सीपीयू २/केव्हीएम' असा नवा थ्रेड आलेला दिसेल (लिबव्हर्टवरून सुरू केलेल्या मशीनमध्ये थ्रेडांना अशी नावं असतात). त्याचा वापर शून्य टक्के. होस्टच्या दृष्टीने व्हर्च्युअल प्रोसेसर म्हणजे एवढंच, एक थ्रेड. तो जन्माला आलाय, पण झोपलेला आहे. त्याच वेळी क्यूएमूने आतल्या सिस्टिमला एसीपीआयचा इंटरप्ट दिलेला असतो. आतलं कर्नल एसीपीआयच्या तक्त्यातला छोटा प्रोग्राम चालवतं, तो क्यूएमूच्या रजिस्टरमधून 'दोन नंबरच्या जागेवर कुणीतरी आलंय' हे वाचतो, कर्नल त्या प्रोसेसरची नोंद करतं आणि पोहोच परत देतं. इथपर्यंत आलं की प्रेझेंट वाढतो. मग ऑनलाइनमध्ये १ लिहिलं की कर्नल त्या प्रोसेसरला उठण्याचा इशारा देतं, जसा खऱ्या मदरबोर्डवर बूटच्या वेळी बाकीच्या कोअरना देतात तसाच, आणि होस्टवरच्या त्या थ्रेडचे टक्के हलायला लागतात. तुमचे सीपीयू २ आणि ३ आत्ता होस्टवर शून्य टक्क्यांवर झोपलेले सापडतील. पैजेवर सांगतो.

पॉसिबल ०-३ पण प्रेझेंट ०-१ असेल, तर अडचण मधल्या टप्प्यात असते. कर्नलला एसीपीआय बंद करून बूट केलंय का ते /प्रोस/सीएमडीलाइन या फाइलमध्ये पाहा, आणि स्वतः कंपाइल केलेलं कर्नल असेल तर सीपीयू हॉटप्लगचे पर्याय चालू आहेत का तेही. यूईएफआय (नव्या प्रकारचं फर्मवेअर, म्हणजे मशीन उठवणारा प्रोग्राम) आणि सिक्युअर बूटवाली मशीन असेल तर तिथे आणखी एक मेख आहे. फर्मवेअर एसएमएम (प्रोसेसरची फर्मवेअरसाठी राखीव अवस्था) वापरत असेल तर नव्या प्रोसेसरची ओळख फर्मवेअरलाही पटावी लागते. फर्मवेअर जुनं असेल किंवा मशीनचा प्रकार क्यूएमू ५.१ किंवा त्याआधीचा असेल, तर क्यूएमू जोडायलाच नकार देतो. निदान तिथे एरर तरी स्पष्ट येते.

काढून घेण्याचं मात्र तितकं सोपं नाही. जोडणं म्हणजे पाहुण्याला पान वाढणं. काढणं म्हणजे जेवत्या पाहुण्याला पानावरून उठवणं. 'डिव्हाइस_डेल' ही आज्ञा नसून विनंती आहे. आतलं कर्नल त्या प्रोसेसरवरची कामं दुसरीकडे हलवतं, त्याला ऑफलाइन करतं, आणि मग 'न्या' म्हणतं. एखाद्या कामाला त्याच प्रोसेसरला बांधून ठेवलेलं असेल किंवा आतली सिस्टिम नाहीच म्हणाली, तर प्रोसेसर जागच्या जागी. लिबव्हर्ट थोडा वेळ वाट पाहून एरर देतो. पहिला प्रोसेसर, म्हणजे सीपीयू०, कधीच काढता येत नाही. मशीन सुरू होताना जे दोन होते तेही लिबव्हर्टमध्ये बहुधा न काढण्याजोगे म्हणूनच नोंदलेले असतात. नंतर जोडलेले तेवढे काढता येतात. विंडोज सर्व्हरमध्ये जोडता येतं, काढायची सोयच नाही. आणि केव्हीएमची (होस्टच्या कर्नलमधली, मशीन थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवणारी सोय) एक आतली गोष्ट: कर्नलमधला व्हीसीपीयू, म्हणजे व्हर्च्युअल प्रोसेसर, एकदा बनला की एकटा नष्ट करता येत नाही, मशीन बंद होईपर्यंत राहतो. क्यूएमू त्याचा हँडल बाजूला पार्क करून ठेवतो आणि त्याच नंबरचा प्रोसेसर पुन्हा जोडला की तोच उचलून वापरतो.

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. चार प्रोसेसर दिसायला लागल्यावर पट्ट्या लवकर निघतील का?

वर्धा रोडवरच्या एका ऑफिसातला माझा स्वतःचा पराक्रम सांगतो. होस्ट आठ कोअरचा, हायपरथ्रेडिंग धरून सोळा थ्रेड. त्यावर पाच मशीन, सगळ्यांचे मिळून बावीस व्हीसीपीयू. मे महिना, दुपारची वेळ, रिपोर्टवाली मशीन रडत होती. मॅक्सिमम आधीच बारा ठेवलेलं, त्यामुळे मोठ्या ऐटीत चालत्या मशीनवर चारचे बारा केले. आत सगळे बारा ऑनलाइन, मी खूश. दहा मिनिटांत फोन: आधीपेक्षा हळू झालंय. टॉपमध्ये वरच्या ओळीत शेवटचा आकडा, एसटी, पस्तीसच्या आसपास. एसटी म्हणजे स्टील: प्रोसेसरला काम करायचंय पण होस्टकडून पाळीच मिळत नाही तो वेळ. सोळा थ्रेडांच्या ताटात तीस जण जेवायला बसवले होते मी. त्यात एक अडचण अशी की एखादा व्हीसीपीयू आत लॉक हातात धरून बसलेला असतानाच होस्ट त्याला थांबवतो, मग बाकीचे त्या लॉकसाठी नुसते गरगर फिरत राहतात आणि होस्टचा वेळ आणखी खातात. सहावर आणल्यावर मशीन मूळपदावर आली. तेव्हापासून जोडायच्या आधी एसटी पाहिल्याशिवाय मी हात लावत नाही. एसटी आधीच पाच-सातच्या वर असेल तर नवा प्रोसेसर म्हणजे आगीत तेल.

त्याच खोलीत नंतर हेही निघालं की दुपारी एसी बंद पडत होता आणि होस्टचे खरे प्रोसेसर तापून आपला वेग खाली आणत होते. नागपूरच्या मे महिन्यात सर्व्हरचं दुखणं बघताना तापमानाचा सेन्सर आधी पाहायचा, टॉप नंतर. (तिथल्या एकाने सर्व्हरच्या खोलीत डेझर्ट कूलर लावू या असं सुचवलं होतं. दमट हवा सरळ बोर्डांवर. त्याला मी तर्री-पोहे खायला घालून कसंबसं परावृत्त केलं.)

दुसरं असं की आतल्या प्रोग्रामला नवे प्रोसेसर कळायला हवेत. बरेच प्रोग्राम सुरू होतानाच किती प्रोसेसर आहेत ते मोजतात आणि तेवढेच कामगार ठेवतात. एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये वर्करची संख्या ऑटो असेल तर ती सुरुवातीला ठरते, नुसत्या रीलोडने पुन्हा मोजली जात नाही, पूर्ण रीस्टार्ट करावं लागतं. जावाचे थ्रेड पूल बहुतेक वेळा सुरुवातीच्या आकड्यावर बनलेले असतात. डॉकरचे कंटेनर जुन्या सीग्रुप व्यवस्थेवर (लिनक्समध्ये प्रोसेसर-मेमरीचे वाटे ठरवणाऱ्या) असतील तर आधीपासून चालू कंटेनरच्या वाट्याला नवे प्रोसेसर आपोआप येत नाहीत. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनला वेगळा प्रोसेस देतो, त्यामुळे त्याला लगेच फायदा होतो, पण एकच मोठी क्वेरी असेल तर समांतर वर्करचे आकडे सेटिंगमधूनच वाढवावे लागतात. तुमचा पट्टी काढणारा प्रोग्राम एका थ्रेडवर एकामागून एक पीडीएफ बनवत असेल, तर चार काय आणि चाळीस काय. टॉपमध्ये १ दाबून प्रत्येक प्रोसेसर वेगळा पाहा. एक शंभरवर आणि बाकीचे निवांत असतील तर तिथेच उत्तर मिळालं. आणि डब्ल्यूएचा (डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा मोठा असेल तर डिस्क दमलीय, प्रोसेसर नाही.

केव्हीएम नसलेल्या, म्हणजे निव्वळ एम्युलेशनवर (प्रोसेसरची सॉफ्टवेअरने केलेल्या नकलेवर) चालणाऱ्या मशीनचं वेगळंच. २०१७ च्या २.९ आवृत्तीआधी क्यूएमूचं एम्युलेशन सगळे व्हर्च्युअल प्रोसेसर एकाच थ्रेडवर पाळीपाळीने चालवायचं. तिथे प्रोसेसर वाढवणं म्हणजे एकाच बैलाला चार नावांनी हाका मारणं. आता प्रत्येकाला वेगळा थ्रेड मिळू शकतो, पण आयकाउंट (प्रोसेसरच्या सूचना मोजत चालण्याचा पर्याय) चालू असेल किंवा सिंगल थ्रेड मुद्दाम सांगितला असेल तर पुन्हा तेच. तुमच्या मशीनच्या एक्सएमएलच्या पहिल्या ओळीत डोमेन टाइप केव्हीएम आहे की क्यूएमू, हे एकदा पाहून घ्या. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद राहिलेलं आणि वर्षभर एम्युलेशनवरच चालत आलेलं एक मशीन मी स्वतः पकडलंय. तिथे प्रोसेसर न वाढवता फक्त ते एक सेटिंग चालू केल्यावर मालकाला वाटलं नवीन सर्व्हर घेतला.

मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर चालू असतानाच हलवायची असेल, तर पलीकडचा क्यूएमू नेमक्या त्याच जागांवर तेच प्रोसेसर घेऊन सुरू व्हायला हवा. लिबव्हर्ट ते आपलं आपण जुळवतो. हाताने क्यूएमू चालवणाऱ्याने जोडलेला प्रत्येक प्रोसेसर पलीकडच्या कमांडलाइनवर त्याच तीन आयडींसह लिहायचा.

तुमच्यापुरतं सांगायचं तर आज सीपीयू२ आणि ३ ऑनलाइन करा, यूडेव्हचा नियम टाका. 'सेटव्हीसीपीयूज' लाइव्हसोबत कॉन्फिगचा पर्याय देऊन पुन्हा एकदा मारा. तुम्ही फक्त लाइव्ह दिलं असेल तर मशीन पुढच्या वेळी बंद करून सुरू केली की पुन्हा दोनवर येईल. उद्या सकाळी पट्ट्या निघत असताना टॉपमध्ये १ दाबून पाच मिनिटं बसा आणि एसटी, डब्ल्यूए आणि सर्वांत व्यग्र प्रोसेसर हे तीन आकडे लिहून ठेवा. बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी मशीन पूर्ण बंद करून मॅक्सिमम ८ करून घ्या, अर्धा तास मिळेल तेव्हाच. ते तीन आकडे पाठवा, मग चारचे सहा करायचे की पट्टीवाल्या प्रोग्रामच्या मागे लागायचं ते पाहू.